वहीतली चूक आणि चुकीचा माग : यावलच्या कागदापासून संगणकीय सातबाऱ्यापर्यंत

१/२६
समजा, यावल तालुक्यातील एका केळीच्या मळ्याचे क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. संगणकात भरताना ते ० हेक्टर १२ आर झाले. शेत जागच्या जागी आहे, बांध हललेले नाहीत, विहिरीचे पाणीही तेवढेच आहे. परंतु पीककर्ज, विमा आणि भूसंपादनाचा मोबदला यांपुरते ते शेत एका क्षणात दशांशावर आले. लबाडी कोणी केली नाही. बोट चुकले, इतकेच. अशी चूक उलटवायची कशी? हा प्रश्न संगणकयुगाचा वाटतो. खानदेशात त्याचा इतिहास संगणकाहून कितीतरी जुना आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/२६
डेटाबेस म्हणजे ठरलेल्या रकान्यांत, ठरलेल्या नियमांनी ठेवलेली आणि सतत बदलत राहणारी माहिती. या अर्थाने गावचे दप्तर हा जुना डेटाबेसच होय. त्यात अनवधानाने बदल झाला, तर तो परतवण्यासाठी तीन गोष्टी कळाव्या लागतात: आधी काय लिहिलेले होते, ते कोणी व केव्हा बदलले, आणि कोणत्या आधारावर बदलले. ज्या वहीत केवळ आजची स्थिती असते, तिच्यात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. दप्तरांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या तीन उत्तरांच्या जपणुकीचा इतिहास आहे.

३/२६
सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात यावल वसले आहे. आज हा मुलूख केळीसाठी ओळखला जातो. निंबाळकरांच्या अमलात मात्र हे गाव दोन वेगळ्या वस्तूंसाठी नावाजलेले होते: जाडाभरडा देशी कागद आणि नीळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही येथे कागद करणाऱ्यांची स्वतंत्र वस्ती होती आणि थोडाफार कागद तयार होत होता. दप्तराच्या इतिहासाला आरंभ करण्यास याहून योग्य गाव शोधूनही मिळणे कठीण.

४/२६
यावलचे धनी वारंवार बदलले. मूळ अंमल शिंद्यांचा. १७८८ च्या सुमारास त्यांनी ते निंबाळकरांना दिले. १८२१ मध्ये ते इंग्रजांकडे आले, १८३७ मध्ये शिंद्यांना परत गेले आणि १८४३ मध्ये पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात आले. सुमारे साठ वर्षांत चार वेळा सत्तेचा रकाना बदलला. प्रत्येक नव्या धन्यापुढे पहिला प्रश्न एकच असे: कोणत्या जमिनीचा सारा कोणाकडून यायचा? त्याचे उत्तर राजवाड्यात मिळत नसे. ते गावच्या कुळकर्ण्याच्या रुमालात बांधलेले असे.

५/२६
मराठा अमलातील व्यवस्थेत एक शहाणपण होते. गावचा हिशेब कुळकर्णी लिही. परगण्याचा हिशेब देशपांडे ठेवी. वरचा ताळेबंद सरकारी दप्तरात जाई. एकच माहिती तीन ठिकाणी, तीन वेगळ्या हातांनी लिहिलेली. गावच्या वहीत आकडा चुकला किंवा रुमालाला वाळवी लागली, तरी परगण्याच्या वहीशी मेळ घालून मूळ आकड्यापर्यंत पोचता येई. यात खरे मोल वेगवेगळ्या हातांचे होते. एकाच माणसाने स्वतःच्याच वहीची दुसरी प्रत काढली, तर तिच्यात त्याची चूकही जशीच्या तशी उतरते.

६/२६
बदल रोखण्याचे उपायही कागदावरच केलेले असत. लांबलचक मजकूर कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवून लिहिला जाई आणि सांध्यावर शिक्का उमटवला जाई. मधला बंद काढून दुसरा घातला, तर शिक्का जुळत नसे. मजकूर संपला की मोर्तब होई, म्हणजे त्याखाली नवी ओळ घुसवायला वाव राहत नसे. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत अशी दोनदा लिहिण्याची रीत तर आजच्या धनादेशापर्यंत टिकली आहे. आकडा बिघडला, तर अक्षरे साक्ष देतात.

७/२६
आणि कागदच नाहीसा झाला तर? लढाई, आग, पूर, वाळवी यांनी सनदा नष्ट होत. अशा वेळी महजर होई. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांचे जाणते यांची सभा भरे, साक्षी घेतल्या जात, निर्णय लिहून त्यावर साक्षीदारांची नावे व निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर. नाहीशा झालेल्या नोंदीची ही पुनर्बांधणी होती. तिचा आधार माणसांची स्मृती. तिची मर्यादाही तीच. सभेत ज्याचा शब्द जड, त्याची आठवण खरी ठरण्याचा धोका कायम असे.

८/२६
१८१८ नंतर इंग्रजांनी जमिनीची माहिती नव्याने गोळा करायला घेतली. पुण्यात पाहणी करणाऱ्या प्रिंगल यांची मोजणी आणि आकारणी इतकी सदोष निघाली की ती सोडून द्यावी लागली. तेथे परतण्याजोगी योग्य अशी मागली स्थितीच नव्हती, कारण पहिला आकडाच चुकीचा होता. मग १८३५-३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेते नव्याने मोजली. मुंबई इलाख्याच्या पुढच्या साऱ्या भूमापनाचा पाया तेथे पडला. धडा सरळ होता: मूळ नोंदच खोटी असेल, तर वह्या कितीही चाळल्या तरी उपयोग नाही, साखळी घेऊन शेतात उतरावे लागते.

९/२६
हेच भूमापन खानदेशात आले, तेव्हा ते शांतपणे स्वीकारले गेले नाही. मोजणी म्हणजे साऱ्याची वाढ, अशी धास्ती शेतकऱ्यांत पसरली. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तो मोडण्यासाठी सैन्य आणावे लागले. फैजपूर आज यावल तालुक्यात आहे. या उठावाकडे केवळ अडाणी भीती म्हणून पाहणे चूक ठरेल. आपल्या जमिनीबद्दल परका माणूस काय लिहितो, हे आपल्याला वाचता येत नाही आणि लिहिलेले मात्र आपल्यावर बंधनकारक होते, हे त्या शेतकऱ्यांना नीट उमगले होते.

१०/२६
भूमापनाने शेताला क्रमांक दिला, क्षेत्र दिले, आकार दिला. पण त्या वहीत मुख्यतः सारा भरणाऱ्या खातेदाराचे नाव असे. प्रत्यक्षात जमीन गहाण पडे, विकली जाई, भावांत वाटली जाई. वही मात्र जुनेच नाव सांगत राही. वही आणि वास्तव यांतले हे अंतर वाढत गेले. अखेर १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्या तरतुदी जमीन महसूल संहितेत समाविष्ट झाल्या. जमिनीवर कोणाकोणाचा कोणता हक्क आहे आणि तो कसा बदलत गेला, हे लिहिणे आता गावपातळीवरचे नित्याचे काम झाले.

११/२६
गावच्या हिशेबाला नमुन्यांची शिस्त लागली. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कोणाची, किती, कोणत्या अटींवर. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले आणि लोकांनी त्याला सातबारा हे नाव दिले. नमुना आठ अ म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींचा एकत्र उतारा. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. सर्वांच्या तोंडी सातबारा असतो. फेरफाराची आठवण सहसा तंटा झाल्यावरच होते. चूक परतवण्याची किल्ली मात्र या सहाव्या नमुन्यात आहे.

१२/२६
त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. जमीन विकली गेली किंवा खातेदार वारला, की तलाठी आधी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर ती लावली जाते, हरकतीसाठी मुदत असते. हरकत आली, तर प्रकरण तक्रारी नोंदवहीत जाते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. हस्तलिखिताच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा उल्लेख पेन्सिलने असे. प्रमाणित झाल्यावर शाई. कच्चा बदल आणि पक्का बदल यांतला भेद केवळ लेखणी बदलून दाखवला जाई.

१३/२६
आणखी एक नियम. जुने नाव खोडायचे नाही. त्याला कंस करायचा. नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा. त्यामुळे जुना सातबारा हाती धरला, की कंसातली नावे पिढ्यांच्या पायऱ्यांसारखी दिसतात आणि प्रत्येक पायरीवर एक क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन नमुना सहाकडे जावे, तेथे बदलाचे कारण मिळते: खरेदीखत, वारस, वाटप, न्यायालयाचा हुकूम. उलट, खाडाखोड करून लिहिलेली वही दिसायला स्वच्छ असेलही. पण चुकीपासून मागे परतण्याचा रस्ता तिने स्वतःच बुजवलेला असतो.

१४/२६
संगणकशास्त्राला हे तत्त्व स्वतंत्रपणे गवसले. १९७० च्या दशकात आयबीएम कंपनीत सिस्टिम आर या डेटाबेसवर काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी व्यवहाराची, म्हणजे ट्रान्झॅक्शनची, कल्पना बांधेसूद केली. पुढे १९९२ मध्ये भारतात जन्मलेले आणि आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एरीज ही पुनर्प्राप्तीची पद्धत मांडली. तिच्या गाभ्याशी असलेला नियम असा: बदल आधी नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहायचा, मूळ माहितीत नंतर. आधी नमुना सहा, मग सातबारा. तलाठ्याच्या टेबलावर हा क्रम कितीतरी आधीपासून रूढ होता.

१५/२६
जिम ग्रे यांनी १९८१ च्या आपल्या एका प्रसिद्ध निबंधात हिशेबनिसांचा दाखलाही दिला आहे. चांगला हिशेबनीस चुकलेला आकडा पुसत नाही. तो चुकीवर खूण करतो आणि तिची भरपाई करणारी नवी नोंद घालतो. बेरीज सुधारते आणि चूक झाली होती ही गोष्टही लपत नाही. भारतातल्या चोपड्या, युरोपातल्या दुहेरी नोंदीच्या वह्या आणि गावचे फेरफार यांना एकमेकांची ओळख असण्याचे कारण नव्हते. व्यवहार जपायचा, तर इतिहास पुसून चालत नाही, हे प्रत्येकाला आपापल्या अनुभवातून कळले.

१६/२६
याचा अर्थ हस्तलिखित दप्तर निर्दोष होते, असा नव्हे. सातबाऱ्याची पुस्तके ठराविक वर्षांनी भरत आणि त्यांचे पुनर्लेखन होई. जुन्या पुस्तकातून नव्यात उतरवताना एखादे नाव गळे, सामाईक विहिरीतला निम्मा हिस्सा राहून जाई, कंसातले नाव चुकून कंसाबाहेर येई. त्या बदलाला फेरफार क्रमांक नसे, कारण कोणी बदल केलेलाच नसे. अनवधानाने झालेल्या बदलाची ही अचूक खूण आहे: सातबाऱ्यावर फरक दिसतो, पण नमुना सहामध्ये त्याचा बाप सापडत नाही.

१७/२६
स्वातंत्र्यानंतर वतने गेली, कुळकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. तिच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीरपणे येईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंदही तोवर खऱ्याच्या आसनावर बसते. म्हणूनच शेजारी कलम १५५ ठेवलेले आहे: लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार. कायद्याने वहीवर विश्वास ठेवायला सांगितले आणि त्याच वेळी वही चुकते हेही मान्य केले.

१८/२६
१९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना सुरू झाली. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप मिळाले. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकात चढवायचे होते. दप्तराच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे पुनर्लेखन होय. काम टंकलेखनाच्या गतीने झाले. घेतली गेली ती मुख्यतः सातबाऱ्याची तेव्हाची स्थिती. शतकभराच्या फेरफार नोंदी कागदावरच राहिल्या. आजची स्थिती एका खोलीत, तिचा माग दुसऱ्या खोलीत, अशी ताटातूट झाली.

१९/२६
चुकांची तऱ्हा मग ओळखीचीच होती, फक्त प्रमाण वाढले. नावातला काना-वेलांटी बदलली. हेक्टर-आरांचा दशांश सरकला. पोटखराब क्षेत्र लागवडीच्या क्षेत्रात मिसळले. इतर हक्कांतला बँकेचा बोजा किंवा बहिणीचे नाव उतरले नाही. भोगवटादार वर्ग २ चा वर्ग १ झाला, म्हणजे परवानगीविना विकता न येणारी जमीन एका अंकाने मोकळी दिसू लागली. यांतली प्रत्येक चूक टंकणाऱ्याच्या दृष्टीने एका कळीची असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने तिच्यात पिढीची कमाई असू शकते.

२०/२६
दुरुस्ती कशी झाली? संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी ताडून पाहण्यासाठी आज्ञावलीत आधी एडिट आणि मग री-एडिट अशा सोयी दिल्या गेल्या. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. तलाठ्याने चावडीवर संगणकीय सातबारा वाचून दाखवायचा आणि खातेदारांनी ऐकून चूक सांगायची. अडीच कोटी नोंदींची तपासणी अखेर माणसांच्या कानांवर सोपवावी लागली. १८५२ मध्ये जी वही शेतकऱ्याला वाचता येत नव्हती, ती आता त्याच्यासमोर वाचली जात होती. महजराची सभा वेगळ्या रूपात परतली, असेही म्हणता येईल.

२१/२६
दुसरी तपासणी ताळ्याची. भूमी अभिलेख खात्याकडे आकारबंद असतो. त्यात प्रत्येक भूमापन क्रमांकाचे मोजलेले क्षेत्र व आकार असतो. एका क्रमांकाच्या सर्व हिश्शांची बेरीज आकारबंदातल्या क्षेत्राएवढी यायला हवी. एका सातबाऱ्यावरील खातेदारांच्या वाट्यांची बेरीज त्या सातबाऱ्याच्या क्षेत्राएवढी हवी. आरंभीच्या काल्पनिक मळ्याचे १०८ आर अशा बेरजेत लगेच उघडे पडतील. महसूल आणि भूमापन हे दोन वेगळे हात आहेत. कुळकर्णी आणि देशपांडे यांच्या वह्यांचा मेळ येथे पुन्हा कामास येतो. मात्र बेरीज क्षेत्राची चूक पकडते. गळलेले नाव ती पकडू शकत नाही.

२२/२६
येथे एक स्वाभाविक शंका येते. संगणकात प्रती ठेवलेल्या असतात. मग चुकीच्या आदल्या दिवसाची प्रत उघडून सर्व पूर्ववत का करू नये? कारण चूक लक्षात येईपर्यंत काळ पुढे गेलेला असतो. मधल्या वर्षांत कोणी जमीन विकलेली असते, कोणी कर्ज फेडलेले असते, कोणाच्या मृत्यूनंतर वारस लागलेले असतात. आदल्या दिवसावर परतलो, तर एक चूक जाईल आणि तिच्यासोबत शेकडो खऱ्या नोंदीही जातील. डेटाबेस सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढेही हाच पेच असतो. वेळीच लक्षात आलेला बदल उलटवता येतो; ज्यावर इतरांचे व्यवहार उभे राहिले, त्याची भरपाईच करावी लागते.

२३/२६
म्हणून कलम १५५ ची योग्य रीत ही भरपाईच्या नोंदीची रीत आहे. अर्ज येतो, जुने कागद पाहिले जातात, संबंधितांना ऐकले जाते, आदेश होतो आणि त्या आदेशाचा नवा फेरफार पडतो. सातबारा सुधारतो आणि तो का सुधारला हेही नमुना सहामध्ये राहते. महसूल अधिकाऱ्याला तपासणीत चूक आढळली, तरी नोटीस देऊन हरकतींचा निकाल लावल्याखेरीज ती दुरुस्त करता येत नाही, असे कायद्याचे बंधन आहे. दुरुस्ती हाही एक बदलच असतो. मूळ बदलाला जी शिस्त, तीच दुरुस्तीलाही हवी.

२४/२६
ही शिस्त सुटली, तर काय होते? लेखनप्रमाद म्हणजे हाताची चूक. हक्क कोणाचा, हा निराळा वाद. १५५ खाली हक्काचा वाद ठरवता येत नाही, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केले आहे. महसुली नोंद स्वतःहून मालकी निर्माण करत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तरी मोह राहतोच. वारसाचे नाव कमी करायचे आणि त्याला टंकचूक म्हणायचे, ही पळवाट दुरुस्तीच्या दारातूनच जाते. चूक परतवणारी सत्ता चूक घडवणाऱ्या हातापेक्षा मोठी असते. तिचा माग अधिक ठळक हवा.

२५/२६
१ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. स्वाक्षरी झाल्यावर त्या उताऱ्यात कोणी काही बदलले, तर ते उघड होते. सांध्यावरचा शिक्का आणि मोर्तब यांचाच हा नवा अवतार. परंतु शिक्क्याची मर्यादा तेव्हाही होती, आताही आहे. मजकूर नंतर बदललेला नाही, एवढे तो सांगतो. मजकूर मुळात खरा आहे की नाही, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. चुकीच्या क्षेत्रावरही स्वाक्षरी तितकीच सुबक उमटते.

२६/२६
चावडी वाचनाला जो हजर नव्हता, त्याची चूक कोण सांगणार? पोटासाठी सुरतेला गेलेला भाऊ, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली बहीण, कागदावर जिवंत पण प्रत्यक्षात केव्हाच निवर्तलेला खातेदार: दप्तरातील चुका यांच्याच नावांवर अधिक काळ टिकतात. म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षातले जुने फेरफार, पुनर्लेखनापूर्वीचे सातबारे, आकारबंद ही रद्दी नव्हे. एकेकाळी यावल सावदा तालुक्यात मोडत असे. १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. जुना कागद शोधताना जुनी नावेही ठाऊक हवीत, आणि तेथे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम थेट शेतकऱ्याच्या बांधापाशी पोचते. सातबारा आज काय आहे ते सांगतो. तो तसा कसा झाला, हे ज्याला शोधता येते, त्यालाच चूक परतवता येते.